समुद्रातली बनाबाई

सीमाचा फोन आला तेव्हा बनाबाई रोपवाटिकेत मिरचीच्या रोपांवर झारीनं पाणी घालत होत्या. हिरव्या जाळीतून गाळून आलेलं ऊन त्यांच्या हातांवर पसरलं होतं. फोनमध्ये पोरीचा चेहरा होता आणि त्याच्या मागं सगळं निळं. आभाळ कुठं संपतं आणि पाणी कुठं सुरू होतं, ते कळत नव्हतं.

"आई, हे बघ," सीमा म्हणाली आणि तिनं फोन फिरवला. जहाजाच्या कठड्याशी एक पिवळी नळी दोरीनं बांधून उभी केली होती. माणसाएवढी उंच, डोक्यावर एक काळी काडी. नळीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, बनाबाई.

"हे माजं नाव कशापायी लिव्हलंय?"

"आमच्या जहाजावर जो यंत्र सोडतो तो नाव देतो. आज माझी पाळी होती. मी तुझं दिलं."

बनाबाई काही बोलेपर्यंत दोन माणसांनी ती नळी उचलली आणि अलगद पाण्यात सोडली. थोडा वेळ ती काडी वर हलत राहिली. मग पाण्यानं तिला आत घेतलं, आणि ज्या जागी ती होती तिथं नुसत्या लाटा राहिल्या. झारी हातात तशीच धरून बनाबाई त्या जागेकडं बघत राहिल्या. मिरचीची रोपं एकाच ठिकाणी भिजून वाकली तरी त्यांच्या ध्यानात आलं नाही.

राहुरीहून मुळा धरणाकडं जाणाऱ्या रस्त्यावर बनाबाईंचे यजमान सहादू साळवे यांचं घर होतं. पुढच्या खोलीत त्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान. विहिरीतल्या, बोअरमधल्या जळालेल्या मोटारी लोक टेम्पोत घालून आणायचे. सहादू त्या उघडायचे, जळकी तार काढायचे, नवी गुंडाळायचे. सीमा समुद्राचा अभ्यास करणाऱ्या केंद्रात कामाला होती; संध्याकाळी तिनं फोनवर दोघांना नीट समजावून सांगितलं. ती नळी समुद्रात एक किलोमीटर खोल जाते आणि प्रवाहाबरोबर वाहत राहते. दर दहा दिवसांनी आणखी खोल बुडी मारते आणि तिथून वर येता येता प्रत्येक थरातलं पाणी किती गरम, किती खारट ते मोजत येते. वर आली की सगळं उपग्रहाला सांगते आणि पुन्हा खाली जाते.

"म्हंजी पानबुडी मोटारच की," सहादू म्हणाले. "फकस्त तिला वायर न्हाई."

"व्हय दादा," सीमा बापाला म्हणाली. "आणि ती पाणी वर आणत न्हाई. पाण्याची खबर आणती."

सीमानं त्यांच्या मोबाईलवर एक नकाशा पाठवून दिला. निळ्या पडद्यावर एक लाल ठिपका. तेव्हापासून सहादूंचा दिवस त्या ठिपक्यानं सुरू होऊ लागला. दुकानात आलेले शेतकरी मोटारीचं राहू देऊन आधी विचारायचे, "काय सहादूबाबा, बनाबाई कुठवर गेली?" सहादू चष्मा वर सरकवून सांगायचे, "गोव्याच्या सरळ रेषेत हाय, लई आत. आता खाली गेलीया." आणि आतल्या खोलीत ज्वारी निवडणारी खऱ्या बनाबाई गालातल्या गालात हसायच्या.

हसायच्या, पण दुपारी जरा डोळा लागला की त्या स्वतःच पाण्यात खाली जाऊ लागायच्या. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. आधी पाणी निळं असायचं, मग जांभळं, मग रंगच नसायचा. लुगडं भिजत नसे. गारवा मात्र अंगाला लागायचा, माठाच्या पोटाला हात लावल्यासारखा. त्या काळोखात बारीक दिवे इकडून तिकडं जात, कुणाचे ते दिसत नसे. त्या कुठंच पोचत नव्हत्या, आणि पोचायची घाईही नव्हती. जाग आली की त्यांना आपले पाय आधी हलवून बघावे लागत. मग दारातला लिंब दिसायचा, रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर जायचा, आणि घर पुन्हा जागेवर यायचं.

थंडीत सीमा सुट्टीला आली. तिघं संध्याकाळी धरणाच्या काठावर जाऊन बसली. पाणी शांत होतं, दूर कुणाचं तरी जाळं टाकलेलं दिसत होतं. बनाबाईंनी डब्यातून धपाटे काढले.

"सीमे, ती नळी जी खबर देती, तिचं तुमी करता काय?" त्यांनी विचारलं.

सीमानं धपाट्याचा तुकडा मोडला. "लई कामं होतात आई. वादळ कसं येईल ते कळतं. आणखी एक हाय. गरम पाणी आणि गार पाणी जिथं भेटतं तिथं बारीक हिरवळ वाढती, डोळ्यांना न दिसणारी. तिच्यावर मासे जमतात. नळीवरनं आणि उपग्रहावरनं आमी त्या जागा काढतो, मच्छीमारांना कळवतो. त्यांचं डिझेल वाचतं, उगाच हिंडावं लागत न्हाई."

"चांगलंच हाय की मग."

"चांगलं हाय," सीमा म्हणाली, पण तिचा आवाज पाण्यावर टाकलेल्या खड्यासारखा खाली गेला. "पन दादा, आपल्याकडं बोअरचं काय झालं? पानी कुठं हाय ते सांगणारे आले, मशिनी आल्या, आणि सगळ्यांनी एकाच झऱ्यात भोकं पाडली. समुद्रात तसं होऊ नये. मोठ्या बोटी एका दिवसात अख्खा थवा उचलतात. मासे कुठं हायत हे सांगायचं, तर कुठं जाऊ नका हेही सांगता आलं पाहिजे. पिल्लं कुठं हायत, ती मोठी कधी होतील. आमी आता त्याच्यावर काम करतोय. समुद्रावर लाखो लोकांची घरं चालतात. ती पुढंही चालायची तर हेच जमलं पाहिजे."

सहादूंनी हातातला धपाटा खाली ठेवला. त्यांचं अर्धं आयुष्य त्या खोल खोल जाणाऱ्या बोअरच्या मोटारींवर गेलं होतं. "ऐकत्याल का लोक?" त्यांनी विचारलं.

"तेच माहीत न्हाई," सीमा म्हणाली.

उन्हाळ्याच्या तोंडावर लाल ठिपका किनाऱ्याकडं सरकू लागला. सीमा म्हणाली, कधी कधी प्रवाह तसं करतो. एप्रिलच्या शेवटी तो दाभोळच्या समोर आला आणि थांबला. दहा दिवस झाले, नवी खबर आली नाही. आणखी दहा झाले. सहादू रोज पडदा पुसून बघायचे, जणू काचेवरच काही बसलं असावं.

"यंत्र हाय, बंद पडतं," सीमा फोनवर म्हणाली. "काळजी करू नका."

बनाबाई काळजी करत नव्हत्या. पण दुपारची झोप पार बदलली होती. डोळा लागायचा आणि नुसता डोळाच लागायचा. खाली कुणी नेत नव्हतं. रोपवाटिकेत वांग्याची रोपं ट्रेमधून काढताना त्या मधेच थांबायच्या. बरोबरची सविता विचारायची, "मावशी, काय इसरलं का?" त्या मान हलवायच्या. काय विसरलं, तेच आठवत नव्हतं.

मग एक दिवस सीमाचा फोन आला आणि ती हसत होती.

"आई, तू सापडलीस! हर्णैच्या एका माणसाच्या जाळ्यात आलीस."

लीलाधर चोगले नाव त्यांचं. हंगामाच्या शेवटच्या फेरीला जाळं जड लागलं म्हणून ओढलं, तर बांगड्यांऐवजी पिवळी नळी. जाळं दोन ठिकाणी फाटलं होतं. नळी टाकून द्यावी म्हणून खलाशांनी उचलली, पण लीलाधरांनी नाव वाचलं आणि त्यांना थांबवलं. समुद्रात बाईचं नाव लिहिलेली वस्तू मिळाली तर ती परत पाण्यात फेकायची नसते, असं त्यांना वाटलं. नळीवर केंद्राचा नंबर होता. त्यांनी फोन लावून पहिलाच प्रश्न विचारला, "ही बनाबाई कोण? आहे ना सुखरूप?"

जूनमध्ये मासेमारीची बंदी लागली. बोटी वर ओढून झाल्या की लीलाधर दरवर्षी शनिशिंगणापूरला दर्शनाला येत. या वर्षी दर्शन झाल्यावर ते राहुरीला उतरले, पत्ता विचारत विचारत साळव्यांच्या दारात आले. पन्नाशीचा माणूस, उन्हानं काळवंडलेला, पांढरा शर्ट, हातात सुक्या बांगड्यांची पिशवी. पिशवीचा वास आधी आत आला आणि मागून ते.

"बनाबाई इथंच राहतात ना?"

बनाबाई पदर सावरत पुढं आल्या. लीलाधरांनी हातातली पिशवी उंबऱ्याशी ठेवली. मग दोन्ही हात जोडून म्हणाले, "मावशी, तुम्हाला माझ्या जाळ्यातून काढलंय मी. चहा तरी पाजा."

चहा झाला, मग जेवण झालं. बनाबाईंनी बांगडे तव्यावर भाजले, ज्वारीच्या भाकरी थापल्या. सहादूंनी विचारलं, समुद्रावर आमच्या पोरीच्या केंद्राची खबर येते, ती ऐकता का?

लीलाधरांनी बोटं पुसली. "खरं सांगू? मासे कुठं आहेत ते ऐकतो. जाऊ नका म्हणून सांगतात ते कुणी ऐकत नाही. फोन वाजतो, एक बाई बोलते, बँकवाल्या बोलतात तशी. प्रिय मच्छीमार बंधूंनो. माझा करण, पोरगा माझा, ऐकायच्या आधीच कापतो." त्यांनी पाण्याचा तांब्या जवळ ओढला. "पूर्वी आमची आजी सांगायची, आज नको जाऊ. तेव्हा कुणाची छाती होती जायची? ती काही उपग्रह बघत नव्हती. पण ती आमची होती."

"मग तुमच्यातल्या कुणी तरी बोलावं," सहादू म्हणाले.

"आमच्यातला बोलला तर म्हणतील, याला एकट्याला मासे पाहिजेत." लीलाधर हसले आणि बनाबाईंकडं वळले. "तुम्ही बोला मावशी. तुमचा समुद्रात काही वाटा नाही. आणि आमच्या बंदरावर तुमचं नाव आता सगळ्यांना माहीत आहे."

बनाबाईंना ती थट्टाच वाटली. पण लीलाधर निघायच्या आधी सीमाचा फोन आला, त्यांनी तिलाही तेच सांगितलं, आणि फोनच्या पलीकडं सीमा तारखा मोजू लागली. ती तारखा मोजू लागली की तिचं ठरलेलं असतं, हे आईला ठाऊक होतं.

"म्या समुंदर बघितला न्हाई सीमे," बनाबाई म्हणाल्या. "ज्यांचा जनम त्याच्यावर गेला त्यांला म्या काय सांगू?"

"तू सांगायचं न्हाईच. सांगणार आमी. तू नुसतं बोलायचं, आमी लिहून देऊ ते. तुला पटलं न्हाई तर न्हाई बोलायचं."

ऑगस्टमध्ये बंदी उठली आणि बोटी पाण्यात गेल्या. त्या आठवड्यात रत्नागिरीपासून बाणकोटपर्यंत मच्छीमारांच्या मोबाईलवर एक नवा आवाज आला. दुकानाच्या मागच्या खोलीत, मोटारी बंद ठेवून, सहादूंनी फोन धरला होता आणि बनाबाई ट्रंकेवर बसून हळू, स्पष्ट बोलल्या होत्या. "म्या बनाबाई बोलतीय, राहुरीहून. उद्या दुपारनंतर वारं जोरात हाय. लांब जाऊ नका."

पहिल्यांदा लोक हसले. राहुरीहून! मग पुन्हा लावून ऐकलं. बायकांनी ऐकलं, सासूला ऐकवलं. करणनं तो आवाज गाणं ठेवावं तसा फोनमध्ये ठेवला. आणि दुपारनंतर वारा खरंच आला.

बनाबाईंना आता दर दोन-चार दिवसांनी बोलावं लागे. सीमा मजकूर पाठवी, सहादू वाचून दाखवत, बनाबाई डोळे मिटून तो तोंडात घोळवत. कोणती खाडी, किती वाव पाणी, म्हणजे किती पुरुष खोल, हे त्यांना आता कळू लागलं होतं. न पाहिलेली गावं त्यांच्या डोळ्यांपुढं एका ओळीत उभी राहायची, वांग्याच्या वाफ्यांसारखी. जयगड, दाभोळ, हर्णै, बाणकोट. त्यांना वाटायचं, आपण किनाऱ्याकिनाऱ्यानं चालत एकेका दाराशी थांबतोय, सांगतोय आणि पुढं जातोय.

मग सप्टेंबर लागताच सीमाचा तो मजकूर आला.

"हर्णैच्या समोर दहा ते वीस वाव पाण्यात बांगड्याची पिल्लं मोठ्या संख्येनं आहेत. पुढचे तीन आठवडे तिथं जाळं टाकू नका."

सहादूंनी तो दोनदा वाचला. बनाबाई ट्रंकेवरून उठल्या. "हे म्या बोलनार न्हाई."

त्यांनी स्वतः सीमाला फोन लावला. "सीमे, हंगामाची सुरवात हाय. त्या लोकांनी दोन महिने वाट बघितलीया. त्यांच्या चुली म्या बंद ठेवायला सांगू? तुला पक्कं ठाऊक हाय का?"

सीमानं कागद चाळल्याचा आवाज आला. "शंभर टक्के न्हाई आई. नमुन्याची जाळी टाकली तेव्हा सगळी पिल्लंच आली. पाण्याचं तापमान, हिरवळ, सगळं तेच सांगतंय. ती तिथं तीन आठवडे राहतील आणि वाढतील असं वाटतंय. पन समुद्र हाय. प्रवाह फिरला तर निघूनही जातील."

"मग तसं सांग की लोकांना."

"काय?"

"हेच. जे मला सांगितलंस. पक्कं न्हाई, पन असं दिसतंय. अन् का दिसतंय."

पलीकडं खुर्ची सरकली. नंतर सीमाचा आवाज आला, लहानपणी शाळेतून येऊन दप्तर टाकताना असायचा तसा सैल. "व्हय. तसंच सांगू."

त्या दिवशीचा निरोप नेहमीपेक्षा लांब होता. बनाबाईंनी तो सावकाश सांगितला. पिल्लं कशी दिसली, किती दिवस थांबावं असं वाटतंय, आणि खात्री नाही हेही. शेवटचं वाक्य कुणी लिहून दिलं नव्हतं. "थांबणं अवघड हाय, म्हाईत हाय मला. तुमचं तुमी ठरवा."

हर्णैत त्या संध्याकाळी देवळापुढं लोक जमले. तावातावानं बोलणं झालं. साधारण निम्म्या बोटी थांबायच्या किंवा दुसऱ्या पाण्यात जायच्या असं ठरलं, निम्म्यांनी ऐकलं नाही. लीलाधर थांबले.

पाच-सहा दिवसांनी दुपारी त्यांचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता.

"मावशी, आज शेजारच्या बोटीनं टोपल्याच्या टोपल्या उतरवल्या. सगळी पंजाएवढीही नसलेली पिल्लं. खाणार कोण ती? कारखान्यात कुटायला गेली. पण त्यांचा दिवस भरला, माझा रिकामा गेला. करण माझ्याशी बोलत नाही. घरात सगळे मला बघतायत."

बनाबाईंनी हातातली रोपं खाली ठेवली. धीर धरा म्हणावं तर कशाच्या जोरावर? त्या नुसत्या म्हणाल्या, "बोला तुमी." आणि लीलाधर बोलत राहिले, समुद्राला शिव्या देत, पोराची काळजी करत, मग हळूहळू इतर काहीबाही. बापानं पहिल्यांदा बोटीवर नेलं तेव्हाचं. त्या काळी बांगडा किती मोठा यायचा ते. बनाबाई रोपवाटिकेच्या सावलीत बसून ऐकत होत्या. फोन ठेवला तेव्हा ऊन उतरलं होतं, आणि त्यांना वाटलं, आपण दुपारभर कुणाच्या तरी बोटीत बसून आलो.

त्या दिवसापासून त्यांनी लीलाधरांना आपणहून फोन लावायला सुरुवात केली. हवापाणी विचारायचं, करणचं विचारायचं. माशांचं विचारायचं नाही.

तीन आठवडे गेले. थांबलेल्या बोटी त्या पाण्यात उतरल्या. पहिल्या दोन दिवसांत जाळ्यात फारसं काही आलं नाही. सीमा केंद्रात नखं कुरतडत बसली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी लीलाधरांनी जाळं ओढलं, तेव्हा ते जड होतं. वर आले ते बांगडे वीतभर व्हायला आले होते, पाठीवर निळीहिरवी नक्षी, पोट चांदीचं. थवा काही मोठा नव्हता. ज्यांनी ऐकलं नाही त्यांनी बराचसा आधीच उचलला होता. पण जे उरलं होतं ते वाढलं होतं, हे सगळ्या बंदरानं पाहिलं. लिलावात त्या बांगड्यांभोवती गर्दी झाली. करण पुढं होऊन टोपल्या उचलत होता.

त्याच आठवड्यात मच्छीमार सोसायटीची सभा बसली. त्यांनी सीमाला बोलावलं. कुणी तिला हार घातला नाही. उलट प्रश्न विचारले, पुष्कळ आणि टोचणारे. तीन आठवड्यांत घर कसं चालवायचं? ज्यांनी ऐकलं नाही त्यांना कोण अडवणार? तुमचा अंदाज चुकला तर? सीमानं काहींची उत्तरं दिली, काहींना माहीत नाही म्हणाली. शेवटी ठरलं ते एवढंच. पुढच्या वर्षी थांबायचं तर सगळ्यांनी एकदम थांबायचं. आणि त्यांच्याच दहा बोटींवर पाणी मोजणारी छोटी यंत्रं बसवायची, म्हणजे काय चाललंय ते त्यांनाही दिसेल. एक यंत्र लीलाधरांच्या बोटीवर बसलं.

ऑक्टोबरच्या एका सकाळी बनाबाई टोमॅटोच्या रोपांच्या रांगांमधून चालत होत्या. मोबाईल वाजला. लीलाधर बोटीवर होते, इंजिन बंद केलेलं होतं.

"मावशी, काम काही नाही. करण ते यंत्र खाली सोडतोय. म्हटलं तुम्हाला कळवावं."

"सोडलं का?"

"सोडलं. चाललंय खाली."

बनाबाई उभ्या राहिल्या. फोनमधून पाणी फळीवर आपटल्याचा आवाज येत होता, अगदी हळू, एकसारखा. त्यांनी फोन कानाला आणखी घट्ट लावला. शेजारच्या रांगेत सविता रोपं मोजत होती. तिनं मान वर करून विचारलं, "कोन हाय फोनवर?"

"हर्णैचे," बनाबाई म्हणाल्या. "काय न्हाई. आमी दोघं पानी ऐकतोय."